रंगाचा डबा शेवटी उघडा: मनाला निवांत करणारी खोली टप्प्याटप्प्याने कशी लावावी

घर खायला उठलंय असं वाटू लागलं की बहुतेकजण आधी शेड कार्ड मागवतात. भिंती रंगतात, पडदे बदलतात, नवा कोच येतो, आणि दोन महिन्यांत तीच अस्वस्थता परत येऊन बसते. खोलीत खुपत होतं ते वेगळंच असतं. पलंगावर आडवं झाल्यावर थेट डोळ्यांत जाणारा दिवा, बसल्या जागी पाठीमागे सतत उघडणारं दार, प्रत्येक शब्द घुमवणाऱ्या उघड्या भिंती. रंगाने यातलं काहीच जात नाही.

मी घरांच्या आतल्या मांडणीचं काम करते. लोकांची चूक आवडीनिवडीत फारशी होत नाही, ती क्रमात होते. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. काय ठेवायचं हे ठरल्याशिवाय मांडणी ठरत नाही, मांडणीशिवाय दिव्यांचे पॉइंट ठरत नाहीत, आणि दिवे लागल्याशिवाय रंग खरा दिसत नाही.

सावधान: खोली नीट लावली तर ताण हलका होतो, पण तो उपचार नव्हे. उदासी, झोप न येणं किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. घराचं काम थांबू शकतं.

## तयारी: सात दिवसांची वही

एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: वेळ, जागा, शरीराची खूण. ‘मूड कसा होता’ हे लिहू नका, ते दिवसभरातल्या दहा गोष्टींवर अवलंबून असतं. शरीर काय करत होतं ते लिहा. कपाळ आखडलं. खांदे वर चढले. काम नसताना उठून दुसऱ्या खोलीत गेले. फोन घेऊन दारात उभीच राहिले, बसले नाही. उलट नोंदीही तितक्याच महत्त्वाच्या: कुठे बसल्यावर श्वास सुटला, कुठे गप्पा लांबल्या.

घरातल्या प्रत्येकाने स्वतंत्र लिहायचं आणि आठवडा संपेपर्यंत एकमेकांचं वाचायचं नाही. जिच्या हाती खर्च, तिची खोली चांगली आणि बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं, असं फार घरांत होतं. वही तिथे उपयोगी पडते. लहान मुलांना लिहिता येत नसेल तर ती कुठे जाऊन बसतात एवढंच टिपा. मुलं टेबलाखाली किंवा पलंग आणि भिंतीच्या बेचक्यात सारखी शिरत असतील, तर त्यांना आडोसा हवा आहे.

त्याच आठवड्यात खोली तीन उंचींवरून पाहा: उभं राहून, नेहमीच्या खुर्चीत बसून, आणि आडवं पडून. आडवं पडून पाहणं बहुतेकजण विसरतात. फिनलंडमधलं पाइमियोचं क्षयरोग रुग्णालय १९३३ मध्ये पूर्ण झालं. वास्तुकार आल्वार आल्टो यांनी तिथल्या खोल्या झोपून असलेल्या माणसाच्या नजरेने आखल्या होत्या: छत सौम्य रंगाचं, दिवा रुग्णाच्या डोळ्यांत येणार नाही अशा जागी, आणि बेसिनचा कोन असा की पडणाऱ्या पाण्याचा आवाज शेजारच्या खाटेला जागं करणार नाही. आपल्या झोपायच्या खोलीला हीच परीक्षा लावा. पाठीवर पडा, डोळे उघडा आणि पहिल्यांदा काय दिसतं ते लिहा.

शेवटी आलेखाचा कागद घ्या. कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे खोलीतले २५ सेंटिमीटर असं प्रमाण धरा. खिडक्या, दारं, दार उघडताना फिरतं ते अर्धवर्तुळ, प्लगचे पॉइंट, सगळं मांडा. फर्निचर जाड कागदातून त्याच प्रमाणात कापून ठेवा.

तपासणी: वहीत निदान वीस नोंदी आहेत का? नसतील तर आणखी चार दिवस थांबा. घाई इथेच नडते.

## १. आवाज आणि हवा

सुरुवात न दिसणाऱ्या गोष्टींपासून. खोली कितीही सुंदर असू द्या, रस्त्याची घरघर आणि कोंदट हवा असेल तर अंग सैल पडत नाही.

आवाजाच्या दोन वेगळ्या तक्रारी असतात आणि त्यांचे उपाय उलटसुलट करण्याची चूक मी सर्वात जास्त पाहिली आहे. एक तक्रार बाहेरून आत येणाऱ्या आवाजाची. दुसरी आतल्या आवाजाच्या घुमण्याची. भिंतीला फोम चिकटवून रहदारी थांबत नाही. फोम खोलीतला घुमारा शोषतो, बाहेरचा आवाज अडवायला जड वस्तू आणि बंद फटी लागतात. दाराच्या किंवा खिडकीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का फट राहिली, तर बाकीचं दार कितीही भक्कम असो, आवाजाची घट साधारण २० डेसिबलवर अडकते. म्हणून महागड्या काचेआधी तावदानाच्या कडेला रबरी पट्टी आणि दाराखाली झडप लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये झोपेच्या खोलीत सलग आवाजासाठी ३० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. फोनवरचं ॲप तंतोतंत मोजत नाही, पण फटी बुजवण्याआधी आणि नंतर किती फरक पडला ते त्यावर कळतं.

घुमण्याची परीक्षा सोपी: खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीमागून धातूसारखी झिणझिण ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. एका भिंतीवर भरगच्च पुस्तकांची फळी, खाली जाड गालिचा, आणि खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापडाचा चुण्या पडणारा पडदा, एवढ्याने खूप फरक पडतो. ज्या घरात सगळे मोठ्याने बोलतात आणि मग एकमेकांवर ओरडल्याचा आरोप करतात, तिथे ही टाळी आधी वाजवून पाहा. घुमणाऱ्या खोलीत शब्द नीट ऐकू येत नाहीत म्हणून आवाज चढतो.

हवेसाठी कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर मिळतो. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दहा लाखात सुमारे ४२० भाग असतं. बंद खोलीत सकाळी उठल्यावर आकडा सतत १००० च्या बराच वर दिसत असेल, तर रात्री हवा पुरेशी बदलत नाही. समोरासमोरच्या दोन उघडण्या थोड्या उघड्या ठेवणं हा पहिला उपाय. कुठे ओल असेल तर तिचं मूळ शोधून गळती आधी बंद करा, वरून रंग मारू नका.

सावधान: ज्या खोलीत ज्योत पेटते, म्हणजे गॅस, शेगडी किंवा गिझर आहे, तिथली हवेची वाट आवाजासाठी कधीही बुजवू नका. हवा अपुरी पडली की ज्योतीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

## २. दिवसाचा उजेड

ढगाळ दिवसातही बाहेर सुमारे १०,००० लक्स (उजेड मोजण्याचं एकक) उजेड असतो. दिवे लावलेल्या खोलीत तो बहुधा १०० ते ३०० लक्स. डोळा सरावतो म्हणून हा फरक जाणवत नाही, पण शरीराच्या घड्याळाला तो कळतो. डोळ्याच्या पडद्यात उजेड मोजणाऱ्या खास पेशी असतात, हे २००२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं. त्या पाहण्यासाठी नसून मेंदूला दिवस-रात्र सांगण्यासाठी आहेत, आणि रात्री झोपेसाठी वाढणारं मेलाटोनिन त्यांच्या संदेशावर कमीजास्त होतं.

कृती करायची ती अशी. सकाळचा पहिला अर्धा तास ज्या खुर्चीत जातो, ती खिडकीजवळ आणा. काचा दोन्ही बाजूंनी पुसा. पडद्याचा दांडा खिडकीच्या दोन्ही बाजूंना २० ते ३० सेंटिमीटर पुढे काढा, म्हणजे उघडलेला पडदा काचेवर न राहता भिंतीवर गोळा होतो. या एका कामाने खोली उजळते आणि त्यात काही फोडावं लागत नाही.

उजेड आणि तिरीप यात गल्लत करू नका. खिडकीकडे तोंड करून ठेवलेलं टेबल डोळे दिपवतं, पाठ करून ठेवलं तर संगणकाच्या पडद्यावर प्रतिबिंब पडतं. टेबल खिडकीला काटकोनात लावा. पश्चिमेचं ऊन खाली कललेलं येतं, त्याला वरचा छज्जा अडवू शकत नाही. उभी झडप किंवा बाहेरून लावलेली चटई लागते. आतला पडदा उजेड अडवतो, पण उष्णता तोवर काचेतून आत आलेली असते.

आता खिडकीतून दिसतं काय? १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधक रॉजर उल्रिच यांनी अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांनी तीव्र वेदनाशामकं कमी घेतली. अभ्यास लहान होता, रुग्णांच्या फक्त २३ जोड्या. तरी झाडाची एखादी फांदी दिसत असेल, तर त्या खिडकीसमोर कपाट ठेवायचा मोह टाळा. काहीच दिसत नसेल तर चौकटीच्या खालच्या भागात कुंड्या ठेवून समोरची भिंत झाका आणि वरचं आभाळ मोकळं राहू द्या.

## ३. आधी बाहेर काय काढायचं ते ठरवा

हा टप्पा मी लवकर उरकते, कारण यावर सल्ले भरपूर मिळतात. फक्त दोन गोष्टी.

एक, पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं वेगळी काढा. लॉस एंजेलिसच्या कुटुंबांवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या स्त्रिया आपल्या घराबद्दल बोलताना पसारा आणि अपुरी कामं यांचे शब्द जास्त वापरत, त्यांच्या कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा दिवसभरातला उतार सपाट दिसला, म्हणजे दिवस सरताना ते एरवीइतकं उतरत नव्हतं. पसाऱ्यामुळे ताण की ताणामुळे पसारा, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पण माझा अनुभव सांगतो की लटकणारी वायर, न बसवलेली फळी, निघालेलं हँडल या गोष्टी खुर्चीवरच्या कपड्यांपेक्षा जास्त टोचतात. त्यांची यादी करा आणि पुढच्या टप्प्याआधी संपवा.

दोन, वस्तू जिथे पडते तिथेच तिची जागा करा. किल्ल्या रोज दाराजवळच्या टेबलावर पडत असतील तर हुक तिथे हवा, आतल्या कपाटात नको. सवय बदलायला निघालात तर आठवड्यात हराल.

चूक: खोली पूर्ण रिकामी करणं. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, नजर कुठे टेकत नाही, आणि माणसाला पाहुण्यासारखं वाटतं.

## ४. वावर आणि बैठक

इथे सर्वात जास्त वेळ द्या. घरातली माणसं एकमेकांशी कशी वागतात यावर खुर्च्यांच्या जागांचा जेवढा परिणाम होतो, तेवढा भिंतीच्या रंगाचा होत नाही. १९५० च्या दशकात कॅनडातल्या वृद्ध रुग्णांच्या एका वॉर्डात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांना दिसलं की खुर्च्या भिंतीला टेकून ओळीत लावल्या आहेत आणि कुणी कुणाशी बोलत नाही. खुर्च्या छोट्या टेबलांभोवती आणल्यावर काही आठवड्यांत संभाषणं जवळपास दुप्पट झाली. माणसं तीच होती. आज कित्येक घरांत सगळ्या बैठका टीव्हीकडे तोंड करून, एका रेषेत असतात. तिथे संवाद आटला म्हणून माणसांना दोष देण्याआधी एक खुर्ची वळवून पाहा.

मांडणी या क्रमाने करा:

१) आधी चालण्याच्या वाटा आखा. मुख्य वाट सुमारे ९० सेंटिमीटर, कमी वापराची ६० ते ७५. वाट बसलेल्या माणसांच्या मधून जाऊ देऊ नका. गप्पांमधून कुणी सतत आरपार गेलं तर ती बैठक टिकत नाही.

२) मग मुख्य बसण्याची जागा. पाठीमागे काहीतरी भक्कम, आणि खोलीचं दार नजरेच्या टप्प्यात. मागून कोण येतंय हे कळत नसेल तर शरीर अर्धं सावधच राहतं. जागा नसेल आणि पाठ दाराकडे करावीच लागत असेल, तर खुर्चीमागे कमरेएवढी फळी किंवा उंच झाड ठेवून आडोसा करा.

३) दुसरी बैठक पहिलीला काटकोनात. समोरासमोर बसलं की सतत नजर द्यावी लागते, शेजारी बसलं की मान वळवावी लागते. काटकोनात हवं तेव्हा पाहता येतं आणि हवं तेव्हा नजर काढून घेता येते. अवघड विषय अशाच बैठकीत बोलले जातात. दोन माणसांच्या चेहऱ्यांत दीड ते अडीच मीटर अंतर ठेवा, तीन मीटरच्या पुढे आवाज चढवावा लागतो.

४) प्रत्येकासाठी एक आपली जागा. हे चैनीचं समजून सोडून देऊ नका. घर एका खोलीचं असलं तरी प्रत्येक माणसाला अशी एक जागा हवी, जिथे त्याच्या परवानगीशिवाय कुणी वस्तू हलवत नाही आणि जिथे बसल्यावर ‘आत्ता बोलू नको’ हे न सांगता कळतं. एक खुर्ची, तिचा स्वतःचा दिवा, हातभर फळी, एका बाजूला पडदा. एवढं पुरतं. गर्दीचा त्रास माणसांच्या संख्येइतकाच ‘मला हवं तेव्हा बाजूला होता येत नाही’ या भावनेने होतो. किशोरवयीन मुलं आणि घरातली वयस्कर माणसं यांच्या बाबतीत हे आवर्जून पाहा. ती मागत नाहीत.

तपासणी: काही विकत घेण्याआधी नव्या फर्निचरची बाह्यरेषा जमिनीवर वर्तमानपत्रांनी किंवा कागदी चिकटपट्टीने आखा आणि तीन दिवस तिच्याभोवती वावरा. कागदाच्या ज्या कोपऱ्यावर पाय पडतो, तिथे उद्या गुडघा आपटेल.

## ५. रात्रीचे दिवे

बैठका ठरल्या, आता पॉइंट ठरवता येतात. सर्वात मोठी चूक छतभर सारख्या अंतरावर छोटे दिवे पेरण्याची. वरून सरळ पडणाऱ्या उजेडात डोळ्यांखाली सावल्या पडतात, चेहरे थकलेले दिसतात, आणि खोलीला कुठे केंद्र राहत नाही.

त्याऐवजी उजेडाची छोटी तळी करा: खुर्चीशेजारी एक, टेबलावर एक, भिंतीवर पसरणारा एक. संध्याकाळनंतर दिव्यांची उंची उतरत जावी आणि बल्ब उघडा दिसू नये. रंग-तापमान, म्हणजे उजेडाची छटा, २७०० ते ३००० केल्विन (पिवळसर) ठेवा, ४००० केल्विन कामाच्या टेबलापुरतं, ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र दिवा झोपेच्या खोलीत नको. बल्बच्या डब्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त आहे का ते वाचा. तो कमी असेल तर कातडीचा रंग निस्तेज दिसतो आणि आपल्याच माणसांचे चेहरे आजारी वाटतात. एका खोलीत दोन वेगळ्या छटांचे पांढरे दिवे एकत्र लावू नका.

डिमर घेणार असाल तर बल्ब त्याला चालणारा असावा, नाहीतर लुकलुक होते. फोनच्या स्लो मोशन कॅमेऱ्यातून दिवा पाहा. पडद्यावर पट्टे थरथरताना दिसले तर तो बल्ब वाचण्याच्या जागी नको, काहींचं डोकं त्याने दुखतं.

सावधान: पॉइंट हलवण्याचं काम मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. पलंगाशेजारचा स्विच आडवं पडून हाताला येतो का, ते भिंत फोडण्याआधी पाहून घ्या.

## ६. आता रंग

निळा शांत करतो, पिवळा आनंद देतो, अशा याद्या बाजूला ठेवा. १९७९ मध्ये सिएटलच्या एका नौदल तुरुंगात कोठडी विशिष्ट गुलाबी रंगात रंगवली आणि कैद्यांचा आक्रमकपणा उतरला, अशी बातमी झाली. पुढच्या काटेकोर प्रयोगांत तो परिणाम दिसला नाही. रंगाचा परिणाम त्याच्या नावापेक्षा त्याच्या गडदपणावर, भडकपणावर आणि तुमच्या आठवणींवर जास्त अवलंबून असतो. ज्या रंगाच्या खोलीत कुणाचा आजार काढला, तो रंग शेड कार्डवर कितीही सौम्य असला तरी नको.

नमुना भिंतीवर मारू नका, जुना रंग शेजारी राहून डोळ्याला फसवतो. ६० सेंटिमीटरच्या चौकोनी पुठ्ठ्यावर दोन हात मारा, कडेला पांढरी पट्टी सोडा, आणि तो सकाळी, दुपारी, रात्री नव्या दिव्यांखाली चारही भिंतींवर धरून पाहा. पूर्ण भिंतीवर रंग नमुन्यापेक्षा जास्त भडक वाटतो, म्हणून मनात भरलेल्या छटेपेक्षा एक पायरी मवाळ निवडा. खिडकीसमोरच्या भिंतीचा रंग सगळ्या खोलीवर सांडतो. ती भिंत हिरवी केली की चेहऱ्यांवरही हिरवट झाक येते.

घरात वयस्कर माणूस असेल, विशेषतः स्मृतिभ्रंश असेल, तर जमीन आणि भिंत यांच्या रंगात स्पष्ट फरक ठेवा आणि चकचकीत फरशी टाळा. फिकट जमिनीवरचा काळा पायपुसणा अशा डोळ्यांना खड्डा वाटू शकतो आणि माणूस दारातच अडून राहतो.

सावधान: रंगाचा वास जाईपर्यंत त्या खोलीत झोपू नका, लहान मुलांना तर अजिबात झोपवू नका.

## ७. शेवटच्या वस्तू

झाडं जरूर ठेवा, पण हवा शुद्ध होईल म्हणून नको. तो समज १९८९ च्या नासाच्या बंद पेटीतल्या प्रयोगांवरून पसरला. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की खिडकीतून येणाऱ्या हवेइतका परिणाम हवा असेल तर एका चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील. झाड ठेवायचं ते पाहण्यासाठी आणि रोज हात लावण्यासाठी. म्हणून ते बसल्या जागेवरून दिसेल असंच ठेवा.

हात जिथे वारंवार टेकतो, म्हणजे खुर्चीचा हात, दाराची मूठ, टेबलाची कड, तिथे लाकूड, कापड, गोलसर कडा निवडा. फोटो आणि आठवणीच्या वस्तू एकदम सगळ्या मांडू नका. तीन ठेवा, बाकीच्या डब्यात ठेवून अधूनमधून बदला. रोज दिसणारी वस्तू डोळ्याला दिसेनाशी होते.

## ८. पुन्हा वही

तीन आठवड्यांनी तीच वही, तेच तीन रकाने, पुन्हा सात दिवस. पहिल्या नोंदींशेजारी दुसऱ्या ठेवा. जी खूण कमी झाली नाही, तिच्या टप्प्यावर परत जा: खांदे अजून वर चढत असतील तर टप्पा ४, संध्याकाळी कपाळ आखडत असेल तर टप्पा ५, सकाळी जड वाटत असेल तर १ आणि २. एका वेळी एकच बदल करा आणि त्याला पाच दिवस द्या. दोन बदल एकत्र केले तर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही.

नव्या नोंदींमध्ये आधी नसलेली एखादी जागा वारंवार येऊ लागली, जिथे कुणीतरी न ठरवता जाऊन बसतं, तर तिथे काहीही नवीन आणून ठेवू नका.